ओव्याचा चेहरा

ताई,

तुला घरी आणलं त्या सकाळी तुमच्या द्वारकेच्या सोसायटीतल्या दिल्लीवाल्या बायका एकेक करून येत होत्या आणि सगळ्या तेच म्हणत होत्या. "कितना शांत चेहरा है." एकीने मला कुशीत ओढून सांगितलं, "देखो, मुस्कुरा रही हैं दीदी." मी म्हटलं, "हां जी." दुसरं काय म्हणणार? तू असतीस तर त्या बाईला तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं असतंस आणि विचारलं असतंस, की हाच चेहरा मेट्रोच्या सीटवर डोळे मिटलेला दिसला असता तर काय म्हणाला असतात? दमलीये बिचारी, ऑफिसातून आलीये, असंच ना? मग शांती कुठून आली? पांढऱ्या चादरीतून आली, उदबत्तीच्या वासातून आली, तुम्ही स्वतः बरोबर घेऊन आलात ती. अख्खं आयुष्य तू हेच सांगत आलीस आणि तुझ्याच घरात, तुझ्याच उशाशी, कोणी ऐकलेलं नाही. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि राग आला म्हणून जरा बरं वाटलं.

तुझ्या विद्यापीठातले लोक शोकसभा घेणार आहेत. तिथे तुझं शिक्षण, तुझे विद्यार्थी, मेंदूवरचं तुझं काम, सगळं व्यवस्थित होईल. मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे. हॉस्पिटलात तुझा जो चेहरा होत होता, तो दुखण्याचा होता की भांडणाचा? सगळे म्हणत होते दुखण्याचा. मी एकटी उभी राहिले आणि म्हटलं, भांडणाचा आहे. माझ्या शब्दावर तुझं झोपेचं औषध वाढवायचं थांबलं. आणि त्यानंतर तू गेलीस.

तुझ्या लेकीला, सईला, सरोजिनी नगर म्हटलं की फक्त बाजारातले स्वस्त टॉप आठवतात. आपला तिथला सरकारी क्वार्टर तिला कुठून माहीत असणार! दीड खोली, त्यातल्या अर्ध्यात बाबांच्या ऑफिसच्या फायली. बाबा घरी असले की आवाज नको, हा नियम. बहिणी आणि आवाज नको, म्हणजे काय करायचं माणसाने? आपण तोंडाने भांडायला लागलो. म्हणजे खरोखर तोंडाने, शब्दाशिवाय. तुझी डावी भुवई खाली यायची, खालचा ओठ पुढे, हनुवटीला सुरकुती. हे तुझं "मला पटलेलं नाही". मग माझी पाळी. मी नाक वर करून डोळे वटारायचे, म्हणजे "पटो न पटो". मग तू तीच भुवई हळूहळू वर न्यायचीस, कपाळभर. मध्ये कोणी घुसायचं नाही, ज्याची पाळी त्याने करायचं, आणि जी आधी हसेल तिने खालच्या नळावरून पाणी भरून आणायचं. पाणी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ यायचं आणि आपला क्वार्टर सगळ्यात वरचा. मी जवळजवळ नेहमीच हरायचे. माझे दंड आजही तुझ्यापेक्षा मजबूत आहेत ते त्या बादल्यांमुळेच.

आणि शेजारच्या त्या पंजाबी आंटी! तुझा तो चेहरा त्यांनी जिन्यात पाहिला आणि आईला बोलावून म्हणाल्या, "भाभीजी, इस बच्ची के पेट में दर्द रहता है." दुसऱ्या दिवसापासून वाटीत भाजलेला ओवा यायला लागला. खरं सांगावं तर बाबांना कळणार की पोरी भांडतात, म्हणून तू गुपचूप तो ओवा चावत राहिलीस, कितीतरी महिने, आणि मी दाराआडून बघत राहिले. आईला सगळं ठाऊक होतं. तिनेच नाव ठेवलं, ओव्याचा चेहरा. पुढे तुझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तू अंतरपाटाच्या बाजूने माझ्याकडे बघून तोच केलास. जिजाजींनी नेमकं पाहिलं आणि बिचाऱ्यांना वाटलं, मुलीला मी पसंत नाही! मी खो खो हसले, हरले, आणि नव्या साडीत अख्ख्या पंगतीला पाणी वाढत फिरले. का, ते तू जिजाजींना संध्याकाळी सांगितलंस. तोवर त्यांच्या घशाखाली जिलबी उतरली नव्हती.

मला वाटतं, तुझं सगळं शास्त्र त्या ओव्याच्या वाटीतून निघालं. तू ते कधी कबूल केलं नाहीस, म्हणायचीस, "नीलू, काहीही जोडू नकोस." पण तू सांगायचीस ते दुसरं काय होतं? चेहरा म्हणजे अर्धं वाक्य, उरलेलं अर्धं आजूबाजूची जागा पुरवते. मेंदू आधी अंदाज बांधतो आणि मग बघतो. बाहेरच्या चेहऱ्याचं तसंच आतल्या धडधडीचं. मेट्रो पकडायला धावताना छाती धडधडली तर तो दम, मुलाखतीच्या दारात धडधडली तर ती भीती, आणि कोणाची वाट बघताना धडधडली तर त्याचं आणखी काही नाव. धडधड तीच. नाव मेंदू देतो, प्रसंग बघून.

मी हे कधी मान्य केलं नाही. का करावं? मी इतकी वर्षं सरकारी ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसते. माणूस रांगेत तिसरा असतो तेव्हाच मला कळतं की हा ओरडणार, हा रडणार, हा साहेबांची ओळख सांगणार. मी मयूर विहारहून फोन करायचे, तू द्वारकेहून, मेट्रोच्या एकाच ब्लू लाइनची दोन टोकं, आणि आपलं तेच दळण. "मला माणूस चेहऱ्यावरून कळतो." "तुला खिडकीवरून कळतो. खिडकीपलीकडे उभा केला की कोणीही तक्रारखोर दिसतो." एका रविवारी तू मला एक फोटो दाखवलास, नुसत्या डोळ्यांची पट्टी. म्हणालीस, ओळख, या बाईला काय झालंय? मी म्हटलं, घाबरलीये, काहीतरी वाईट बातमी आहे. तू पूर्ण फोटो उघडलास तर ती मीच! तुझ्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, तू जिन्यावरून येताना दिसलीस तेव्हाची, आणि फोटो सईने काढलेला. तू इतकी हसलीस की चहा सांडला. मी चिडले, म्हटलं, नुसते डोळे दाखवलेस तर काय होणार, माझं सगळं तोंड तर दाखव! तू म्हणालीस, "तेच तर सांगतेय, बाई." मी त्या दिवशी न जेवता निघाले, आणि तू डबा घेऊन लिफ्टपर्यंत मागे आलीस.

मग ते झालं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव. तुझा उजवा हात गेला, ओठाची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आणि डॉक्टर म्हणाली, आपण बोलतो तेही बहुतेक पोचत नाही. तुला! जिला दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची सवय, तिला. मी आयसीयूच्या बाहेर उभी होते आणि माझी छाती धडधडत होती. मी स्वतःशी म्हटलं, जिना चढून आलेय म्हणून. मी लिफ्टने आले होते.

आम्हाला एकेकाला आत सोडायचे. टोपी, मास्क, तो निळा झगा. जिजाजी पहिले गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तिला फार दुखतंय, नीलू. मला बघवत नाही." सई गेली, ती रडत आली. मी गेले. आणि ताई, मी पाहिलं, डावी भुवई खाली, खालच्या ओठाचा जो भाग हलत होता तेवढाच पुढे, हनुवटीला सुरकुती. उजवी बाजू नव्हती, पण तुझ्या भांडणात उजव्या बाजूचं कामच काय होतं? मी तिथे उभ्या उभ्या ओळखलं. आणि मॉनिटरवर तुझा बीपी वर वर चालला होता.

डॉक्टर तरुण होती, कमी बोलणारी, नीट ऐकणारी. तिने आम्हाला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, बेचैनी आहे, प्रेशर चढतंय, ते चढणं धोक्याचं आहे, झोपेचं औषध वाढवते. त्याने ती शांत राहील, पण मग ओळखणंबिळखणं राहणार नाही. जिजाजी लगेच म्हणाले, "बिल्कुल, दे दीजिए." मी म्हटलं, "थांबा. हे दुखणं नाही. ती फुरंगटलीये." सई म्हणाली, "मावशी, फुरंगटली म्हणजे?" काय सांगू, दिल्लीत वाढलेल्या पोरीकडे हा शब्दही राहिला नाही. मी डॉक्टरकडे वळले, "दर्द नहीं है, डॉक्टर. रूठी हुई है. बहस कर रही है." जिजाजी माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुला काय खेळ वाटतो हा?"

मी तुझंच हत्यार काढलं. डॉक्टरला म्हटलं, तुम्हाला हॉस्पिटलचा पलंग दिसतोय म्हणून दुखणं दिसतंय. हाच चेहरा जेवायच्या टेबलावर बघितला असतात तर भांडण दिसलं असतं. ती म्हणाली, "और आपको आपकी बहन दिख रही है, इसलिए झगड़ा दिख रहा है. है ना?"

ताई, तुझ्या शास्त्राने मला तिथे उघडं पाडलं. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास त्या पोरीसाठी.

पण ती भली होती. म्हणाली, आधी नुसतं दुखण्याचं औषध देऊन बघू. दिलं. चेहरा तसाच. आणि दुसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं, की हे फक्त विज़िटिंगच्या वेळी होतं. बाकी वेळ तुझी भुवई जागेवर असते. जिजाजींचं तोंड बघवेना. "म्हणजे मी गेलो की तिला त्रास होतो?" डॉक्टर म्हणाली, दोनच रस्ते आहेत. एक तर भेटणं बंद करू, नाहीतर झोपेचं औषध वाढवू.

मी बाकावर बसले आणि तू करायचीस तसा विचार करायचा प्रयत्न केला. एक गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव. आम्ही विज़िटिंगला काय करतो? आत जातो. "कैसी हो?" म्हणतो. "सब ठीक हो जाएगा, टेन्शन नहीं लेना." मग मला लख्ख दिसलं. आम्ही सगळे तुझ्याशी हिंदीत बोलत होतो! घराबाहेर हिंदी, ही आपल्याकडची कायमची सवय. दुकानात, मेट्रोत, दुसरं कोणी उभं असलं की आपसातसुद्धा हिंदी, चार लोकांत मराठी बोललं तर त्यांना वाटतं आपल्याविषयीच काही बोलतायत. जिजाजी घरात तुझ्याशी कुरकुरत, लांबण लावत बोलतात, आणि बाहेर एकदम पावतीवर शिक्का मारल्यासारखे. नर्स पलंगाशी उभी, म्हणून आम्ही सगळे बाहेरचा आवाज लावून येत होतो. शब्द तुला पोचत नसतील, पण आवाज पोचत असेल ना? आणि वर मास्क. आम्ही तुला नुसत्या डोळ्यांच्या पट्ट्या दाखवत होतो. नवरा, लेक, बहीण, तिघंही परक्या आवाजाचे आणि बिनतोंडाचे. तू ओव्याचा चेहरा नाही करणार तर काय करशील!

मी डॉक्टरकडे गेले. म्हटलं, मला एकदा जाऊ द्या. मास्क काढून. पायाशी उभी राहीन, जवळ जाणार नाही, बोलणारही नाही. जिजाजी म्हणाले, "नीलू, पुरे." मी ऐकलं नाही. डॉक्टरने मॉनिटरचे आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाली, मी मॉनिटरपाशी उभी राहीन, आणि मी हात वर केला की तुम्ही बाहेर. आणि मग औषध.

काचेच्या दारापलीकडे जिजाजी आणि सई. पलंगाच्या पायाशी मी. मास्क खाली केला. तू माझ्याकडे बघितलंस की माझ्या मागच्या भिंतीकडे, मला आजही सांगता यायचं नाही. भुवई खाली आली. ओठ पुढे. आकडा चढला. डॉक्टरचा हात कमरेपाशी होता, मी तुझ्याकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होते. आणि ताई, मी नाक वर केलं. डोळे वटारले. पन्नाशी उलटलेली बाई, निळ्या झग्यात, आयसीयूत.

तू थांबलीस.

तुझी भुवई होती तिथेच राहिली. माझं होईपर्यंत तू थांबलीस. मी नाक खाली आणलं, आणि मग, त्यानंतरच, तुझी डावी भुवई वर जायला लागली. हळूहळू, कपाळभर, तुझ्या त्या नेहमीच्या तोऱ्यात. मी पुन्हा केलं. तू पुन्हा थांबलीस. माझं झालं, आणि पुन्हा वर. दुखणं पाळी पाहत नाही, ताई. दुखणं समोरच्याचं होईपर्यंत थांबत नाही.

आणि मी हसले. मला आवरलंच नाही, नाकातून आवाज आला, डोळ्यांतून पाणी, सगळं एकदम. आकडा थांबला होता. मग थोडा उतरला. तुझ्या ओठाची डावी बाजू जराशी उचलली गेली. डॉक्टरने नंतर सांगितलं की त्याला हसू म्हणू नका, एक बाजू लुळी पडली की दुसरी खेचते. म्हणाली, "मैं इसे सबूत नहीं मानती. लेकिन दवा आज नहीं बढ़ाऊंगी."

पुढचे थोडे दिवस मिळाले. पायाशी उभं राहून, मास्क न लावता, घरातल्या आवाजात. सई आली आणि तिने तिच्या मोडक्या मराठीत तुला सांगितलं की गच्चीतली तुळस सुकली, पण मी नाही सुकवली. जिजाजी आले आणि त्यांना काय बोलावं कळेना, मग आपल्या पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावाल्याने पुन्हा गाडी लावली, ती तक्रार त्यांनी सुरू केली, साग्रसंगीत, गेटवरच्या गार्डपासून. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस आणि तुझे डोळे हळूच मिटले. भुवई जागेवर होती. बाहेर येऊन ते म्हणाले, "झोपली." इतक्या समाधानाने म्हणाले की मी तोंड फिरवलं. त्या दिवसांसाठी मी तुझी ऋणी आहे. तू झोपेच्या औषधाच्या गुंगीत असतीस तर ते कोणालाच मिळाले नसते.

मग एका सकाळी दुसरा रक्तस्राव. पहिल्याहून मोठा.

कॉरिडॉरमध्ये जिजाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "औषध वाढवलं असतं तर प्रेशर चढलं नसतं." एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी डॉक्टरच्या मागे धावले. सांगा, माझ्यामुळे झालं का? तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, पहिल्यानंतर दुसरा कधीही येऊ शकतो, झोपेतही येतो. आणि औषधाने टळला असता का, तेही मी सांगू शकत नाही. "दोनों बातें हो सकती हैं." तू गेलीस तोवर जिजाजी बाकाच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला बसून होतो, मध्ये सई, आणि ती एकदा त्यांना चहा द्यायची, एकदा मला.

म्हणून विचारतेय, तो चेहरा दुखण्याचा होता की भांडणाचा? मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. "नीलू, दोनदा भुवई वर गेली म्हणजे काही सिद्ध होत नाही गं. तुला हवं होतं ते तू पाहिलंस. पुन्हा कर, वेगळ्या माणसाने कर, मागे कोण उभं आहे ते बदल." बरोबर आहे तुझं. मी बहीण म्हणून आत गेले आणि मला बहीण दिसली. पण मग मी काय म्हणून जायला हवं होतं? मला तुझा रागही येतो. इतका पक्का सिद्धान्त मांडून ठेवलास की ज्यांचं प्रेम आहे त्यांच्याही नजरेवर विश्वास ठेवायची सोय उरली नाही. आणि तरीही तुझा सिद्धान्त नसता तर मला मास्क काढायचं सुचलं नसतं, हेही तितकंच खरं. बोल आता. तुझी पाळी आहे.

त्या सकाळी बायका शांत चेहऱ्याचं कौतुक करून बाहेर बसल्या आणि तुझ्या आंघोळीची तयारी सुरू झाली. डोक्यावरून विमानं जात होती, विमानतळ जवळ म्हणून तुमच्याकडे जातात तशी अगदी कमी उंचीवरून, आणि दर वेळी सगळ्या बोलायच्या थांबत होत्या. जिजाजींच्या बहिणीने बादली घेतली. मी बाथरूमच्या दाराशी उभी होते, आत जावं की नको ते कळत नव्हतं. त्या घरात मला कोणी काही म्हणत नव्हतं आणि कोणी काही सांगतही नव्हतं.

जिजाजी पॅसेजमधून आले. त्यांनी बहिणीच्या हातातली बादली घेतली आणि माझ्यासमोर धरली. कॉरिडॉरनंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि घरातल्या आवाजात, त्यांच्या त्या लांबण लावणाऱ्या आवाजात म्हणाले, "नीलू, पाणी तू भर. मी काचेतून बघत होतो. आधी तू हसलीस."

सगळ्या बायका बघत राहिल्या, कोणाला काही कळलं नाही. मी बादली घेतली. गीझर लावला, तुला गार पाणी कधीच चाललं नाही म्हणून. हात बुडवून पाहिलं, कोमट होईपर्यंत थांबले. दोन्ही बादल्या मीच भरल्या, ताई.